एकाच शॉकरचे दोन ग्राफ: डेटापासून तुटलेल्या पावलाचं प्रकरण

चाकणजवळच्या एका कारखान्यात टू-व्हीलरचे मागचे शॉकर बनतात, तिथल्या टेस्टिंगच्या खोलीत दोन मशीन आहेत, एक जुनं आणि एक नवीन. मी त्यांच्यासाठी डेटाचं सॉफ्टवेअर बघते. एका सकाळी मशीनवरच्या काकांचा फोन आला, "मॅडम, तोच शॉकर जुन्या मशीनवर लावला की फेल, नव्यावर लावला की पास. माल तोच, तेल तेच, माणूस पण तोच. मग चुकतंय कुठं?" तोपर्यंत दोन दिवस गेले होते. चार शॉकर उघडून व्हॉल्व्ह बघून झाले होते, तेलाची पातळी मोजून झाली होती, लोड सेल पण परत कॅलिब्रेट करून झाला होता. कुठेच काही सापडलं नव्हतं, आणि सापडणार पण नव्हतं, कारण चूक लोखंडात नव्हती, एका भागाकारात होती.

आधी टेस्ट काय असते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शॉकर मशीनमध्ये उभा लावतात, खालून एक क्रँक त्याला वरखाली हलवते, सेकंदाला २ फेऱ्या, मधल्या जागेपासून २५ मिलिमीटर वर आणि २५ खाली. एलव्हीडीटी सेन्सर जागा मोजतो, लोड सेल जोर मोजतो, दोन्ही आकडे ठरावीक अंतराने फाइलमध्ये पडत राहतात. पण गंमत अशी की ड्रॉइंगवर स्पेसिफिकेशन जागेचं नसतंच, वेगाचं असतं, म्हणजे सेकंदाला ०.३ मीटर वेग असताना रिबाउंडला (ताणला जाताना) इतका जोर आणि कम्प्रेशनला (दबताना) इतका. शॉकरमधलं तेल भोकातून किती जोरात ढकललं जातंय ते वेगावर ठरतं म्हणून तसं. आणि वेग मोजणारा सेन्सर मशीनवर नाहीये. वेग जागेच्या आकड्यांवरूनच काढायचा, म्हणजे समान अंतरावर घेतलेल्या नमुन्यांचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढायचं, कॉलेजमध्ये न्यूमरिकल मेथड्सच्या पेपरला एका पानात संपलेला विषय.

मी पहिलं काम केलं ते कागदावर. साइन वेव्हचा सगळ्यात जास्त वेग म्हणजे २ पाय (π) गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले ॲम्प्लिट्यूड, २ × ३.१४१६ × २ × २५, म्हणजे सेकंदाला ३१४ मिलिमीटर. क्रँक असल्यामुळे हालचाल अगदी शुद्ध साइन नसते, थोडा फरक पडतो, पण आकडा याच्या आसपासच यायला पाहिजे. नव्या मशीनच्या ग्राफवर वेग ३१४ च्या जवळ होता. जुन्या मशीनच्या ग्राफवर ६२८. बरोब्बर दुप्पट. एक्सेलचा ग्राफ आपला ॲक्सिस आपणच ताणून घेतो, त्यामुळे दोन्ही ग्राफ दिसायला सारखेच, आणि खालचे आकडे कुणी वाचले नव्हते.

झालं असं होतं की जुनं मशीन सेकंदाला ५०० नमुने घेतं, नवीन १०००. पूर्वी जुन्या मशीनची वेगळी शीट होती, तिच्यात भागाकार ०.००२ ने होता. नवीन मशीन आलं तेव्हा कुणीतरी दोन्ही मशीनसाठी एकच मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप हिशोब करणारा छोटा प्रोग्रॅम) बनवला आणि त्यात (आत्ताची जागा − मागची जागा) भागिले ०.००१ असं सरळ टाइप करून ठेवलं. जुन्या मशीनच्या फाइलला पण तोच. म्हणजे जुन्या मशीनवर ग्राफ जिथे ०.३ म्हणत होता तिथे शॉकर खरं तर ०.१५ नेच हलत होता, अर्ध्या वेगाला जोर कमी येणारच, आणि शीट म्हणत होती शॉकर ढिला आहे. चांगला माल बाजूला काढून ठेवला गेला होता.

०.००१ च्या जागी ०.००२ टाकून मी पाच मिनिटांत घरी जाऊ शकले असते. पण मला ते पटेना. कारण आकड्यांची यादी आणि त्या आकड्यांमधलं अंतर या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी राहत होत्या, यादी फाइलमध्ये आणि अंतर मॅक्रोमध्ये, आणि जोपर्यंत त्या वेगळ्या राहणार तोपर्यंत कधी ना कधी चुकीची जोडी लागणारच. नुसत्या यादीला घड्याळ नसतं. १२.४०, १२.७१, १३.०२ हे आकडे बघून कुणीही सांगू शकत नाही की हे दोन मिलिसेकंदांनी आलेत की दोन दिवसांनी.

फंक्शन लिहून पण हे सुटत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. पायथनमध्ये मी आधी साधं फंक्शन लिहिलं होतं, त्याला यादी द्यायची आणि पाऊल द्यायचं (पाऊल म्हणजे दोन नमुन्यांमधला वेळ, पुढे सगळीकडे हाच शब्द वापरते). पण पाऊल देणारा माणूसच असतो, आणि तो विसरला तर काय? नम्पाय आणि सायपाय या पायथनच्या गणिताच्या लायब्ररी. नम्पायच्या ग्रेडियंटला (डेरिव्हेटिव्ह काढणारं फंक्शन) पाऊल दिलं नाही तर तो ते १ धरतो. सायपायच्या सॅविट्स्की-गोले फिल्टरला (आकडे गुळगुळीत करणारा, पुढे येईलच) डेरिव्हेटिव्ह मागितलं आणि डेल्टा, म्हणजे पाऊल, द्यायला विसरलं तर तिथेही १. दोन्हीकडे एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, ग्राफचा आकार पण बरोबर दिसतो, फक्त आकडे हजारपटीने चुकलेले असतात. हजारपट चूक निदान डोळ्यात भरते, पण दुप्पट चूक लपून राहते, आणि आपल्या प्रकरणात ती दुप्पटच होती.

म्हणून क्लास, म्हणजे डेटा आणि त्याच्यावरची कामं एकत्र बांधणारा साचा; त्या साच्यातून बनते ती वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. क्लासचं नाव मी समनमुना ठेवलं, खरंच देवनागरीत, पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची आणि क्लासची नावं देवनागरीत चालतात, आणि कारखान्यातल्या ज्या दोन मुलांना पुढे हे सांभाळायचं होतं त्यांना ते वाचायला बरं पडलं. त्याच्या आत चार गोष्टी: मूल्यं, पाऊल, सुरुवात आणि एकक. सुरुवात म्हणजे पहिला नमुना कितव्या सेकंदाला आहे ते. पावलाला डिफॉल्ट ठेवलंच नाही, पाऊल दिल्याशिवाय ऑब्जेक्ट जन्मालाच येत नाही. आणि हा ऑब्जेक्ट एकदा बनला की बदलत नाही. इथे एक बारीक गोष्ट आहे, डेटाक्लास (पायथनमधला डेटा ठेवायचा क्लास) फ्रोझन केला, म्हणजे बदलायला बंद केला, तरी आतला नम्पायचा ॲरे (आकड्यांची यादी) फ्रोझन होत नाही, कुणीही आत हात घालून आकडे बदलू शकतो, म्हणून ॲरेची कॉपी घेऊन तिची लिहिण्याची परवानगी वेगळी बंद करावी लागते. मला हे माहीत होतं तरी पहिल्यांदा करायचं राहिलं होतं.

बदलता येऊ नये असा हट्ट का, तर त्याच मॅक्रोमध्ये अजून एक गोष्ट सापडली. रिपोर्ट जड होतो म्हणून कुणीतरी दर दहावा नमुनाच ठेवत होतं, आणि वेग कधी त्याच्या आधी काढला जायचा, कधी नंतर. नंतर काढला तर पाऊल दहापट झालेलं असतं आणि भागाकार जुन्याच पावलाने. आता समनमुन्याला विरळ नावाची मेथड (क्लासमधलं फंक्शन) आहे, तिला दहा सांगितलं की ती नवीन ऑब्जेक्ट देते, मूल्यांची संख्या एक दशांश आणि पाऊल दसपट, दोन्ही एकदम. (विरळ करायच्या आधी वरच्या फ्रिक्वेन्सी गाळून घ्याव्या लागतात नाहीतर खोट्या लहरी दिसतात, तो वेगळा विषय आहे, पण ती गाळणी पण याच मेथडच्या आत बसवली म्हणजे कुणी विसरायला नको.) जुना ऑब्जेक्ट आहे तसाच राहतो.

फाइलमधून ऑब्जेक्ट बनवताना मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ गेला. फाइलमध्ये वेळेचा कॉलम असतो, मग दोन ओळींमधल्या वेळेचा फरक घेतला की पाऊल मिळालं असं वाटतं. नंतर सेकंदाला १२०० नमुने घेणारा एक लॉगर (आकडे नोंदवणारं यंत्र) आला तेव्हा ते कोसळलं. १२०० ला पाऊल ०.८३३ मिलिसेकंद, पण लॉगर वेळ लिहितो फक्त पूर्ण मिलिसेकंदात, म्हणजे फाइलमध्ये ०, १, २, ३, ३, ४, ५ असे आकडे दिसतात, ३ दोनदा. त्या दोन ओळींमधला वेळ शून्य, आणि शून्याने भागाकार. डेटा समान अंतराचाच आहे, त्याची वेळ फक्त जाड्या टोकाच्या पेनाने लिहिलीय. म्हणून पाऊल काढायचं ते शेवटची वेळ वजा पहिली वेळ, भागिले नमुने वजा एक. वजा एक विसरायचं नाही, पाच खांबांमध्ये चारच गाळे असतात. आणि मग प्रत्येक ओळीची वेळ या हिशोबाने जिथे पडायला पाहिजे तिथे पडते का ते बघायचं, अर्ध्या मिलिसेकंदापर्यंत फरक चालेल कारण तो गोल करण्यामुळे आलेला आहे, त्याच्या पलीकडे गेला तर ऑब्जेक्ट बनायला नकार देतो आणि वेळ जुळत नाही असं सांगतो. हा नकार फार महत्त्वाचा ठरला, ते शेवटी सांगते.

आता मुख्य काम, फरक. मॅक्रोमध्ये आत्ताची जागा वजा मागची जागा असं होतं आणि उत्तर आत्ताच्या ओळीसमोर लिहिलं जात होतं. पाऊल बरोबर टाकलं तरी यात एक चूक उरतेच. दोन नमुन्यांमधला सरासरी वेग हा दोघांच्या मधल्या क्षणाचा वेग असतो, दुसऱ्या नमुन्याच्या क्षणाचा नाही. म्हणजे सगळा वेग अर्ध्या पावलाने उशिरा लिहिला जातो. ५०० नमुन्यांच्या मशीनवर अर्धं पाऊल म्हणजे १ मिलिसेकंद, ऐकायला काहीच नाही, पण आपल्या हालचालीत प्रवेग ३.९ मीटर प्रति सेकंद वर्गापर्यंत जातो, त्यामुळे जिथे शॉकर दिशा बदलतो, म्हणजे वेग शून्याजवळ असतो, तिथे १ मिलिसेकंदात वेग जवळपास ४ मिलिमीटर प्रति सेकंदाने बदललेला असतो. ५० च्या वेगाला जोर किती ते वाचायचं असेल तर हीच चूक ८ टक्के झाली. ग्राफवर ती कशी दिसते, तर जाताना एक रेघ आणि येताना दुसरी, मधे पोट. शॉकरला स्वतःचं खरं पोट पण असतं, सीलचं घर्षण असतं, तेल किंचित दबतं, गॅस असतो, आणि हे खोटं पोट त्याच्यात मिसळून जातं. काका म्हणाले होते, "जुन्या मशीनवर पोट पण मोठं येतं," आणि ते बरोबर होतं, जुन्याचं पाऊल दुप्पट म्हणून उशीर पण दुप्पट.

हे मधल्या क्षणाचं प्रकरण नवीन अजिबात नाही. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास 'ज्यां'चा (ज्या म्हणजे साइन) जो तक्ता दिला तो म्हणजे समान अंतराचा डेटाच आहे, ३ अंश ४५ कला (म्हणजे ३.७५ अंश) एवढ्या पावलाने २४ पायऱ्या, त्रिज्या ३४३८, आणि त्याने 'ज्या' न देता 'ज्यां'मधले फरकच दिलेत: २२५, २२४, २२२, २१९ असे उतरत जाणारे. त्यातला सोळावा फरक बघा, ५६.२५ अंशापासून ६० अंशापर्यंतचा, तो आहे ११९. साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन, म्हणून २२५ गुणिले ६० अंशाचं कोसाइन करून बघितलं तर ११२.५ येतं. ५६.२५ चं घेतलं तर १२५. दोन्ही चुकीचे. मधल्या ५८.१२५ अंशाचं घेतलं की ११८.८, म्हणजे ११९. फरक मधल्या बिंदूचाच असतो. पुढे भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची तात्कालिक गती (त्या क्षणाचा वेग) काढताना 'ज्यां'च्या फरकाला कोसाइनशीच जोडलं. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. मला हे त्या दोन मुलांना सांगताना फार बरं वाटलं, एक जण चाळीसगावचाच निघाला, त्याला पाटणादेवी माहीत होती, तिथला शिलालेख कशाचा आहे ते माहीत नव्हतं.

तर क्लासमध्ये याचं उत्तर सोपं आहे, कारण सुरुवात आपण आतच ठेवलीय. लगतचा फरक काढला की जो नवीन समनमुना येतो त्यात एक मूल्य कमी असतं आणि त्याची सुरुवात अर्ध्या पावलाने पुढे असते. कुठलाही आकडा खोटा नाही, फक्त तो आपल्या खऱ्या क्षणी बसलाय. आणि मग कुणी हा वेग आणि लोड सेलचा जोर एकत्र करायला गेलं तर क्लास अडवतो, की यांची घड्याळं जुळत नाहीत. बेरीज, वजाबाकी, ग्राफसाठी जोडी, सगळ्याला हीच अट: पाऊल आणि सुरुवात सारखी पाहिजे. सारखी म्हणजे अगदी शेवटच्या दशांशापर्यंत नाही, कॉम्प्युटरमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज पण नेमकी ०.३ येत नाही, म्हणून पावलाच्या हजाराव्या भागापर्यंत सूट दिली. घड्याळ जुळवायचं असेल तर मधला फरक वापरा, पुढचा वजा मागचा भागिले दोन पावलं, तो बरोब्बर मधल्या नमुन्याच्या क्षणीच पडतो आणि जोराशी थेट जुळतो.

इथे माझी एक डिझाइनची चूक झाली होती. मी सुरुवातीला वारसा लावला होता, समनमुना हा आई-क्लास, त्याच्यापासून लगतच्या फरकाचा समनमुना, मधल्या फरकाचा समनमुना, गुळगुळीत फरकाचा समनमुना असे पोर-क्लास. दोन आठवड्यांत कळलं की हे गळ्याशी येतंय. जागेला एक पद्धत पाहिजे, जोराला दुसरी, मग एकच फाइल दोन वेगवेगळ्या जातीच्या ऑब्जेक्टमध्ये भरायची, आणि मध्येच पद्धत बदलून बघायची असेल तर सगळा डेटा एका क्लासमधून दुसऱ्यात ओतायचा. डेटा ही वस्तू आहे आणि फरक काढणं हे काम आहे, काम हे वस्तूचं पोर नसतं. मग ते मोडलं. समनमुना एकच राहिला, आणि फरक काढणाऱ्यांचे वेगळे छोटे क्लास झाले, प्रत्येकाला एकच मेथड, समनमुना घ्या आणि समनमुना परत द्या. सुतार तोच, रंधा बदलला. त्यानंतर नवीन पद्धत टाकायला जुन्या कोडला हात लावावा लागला नाही, आणि एककाचं पण सोपं झालं, मिमी आत गेलं की मिमी प्रति सेकंद बाहेर येतं, परत आत घातलं की प्रति सेकंद वर्ग, ग्राफच्या ॲक्सिसवर नाव आपोआप.

या कोडच्या टेस्टिंगचा किस्सा सांगण्यासारखा आहे. उत्तर माहीत असलेला डेटा द्यायचा आणि पाऊल अर्धं करत जायचं, मधल्या फरकाची चूक पावलाच्या वर्गाच्या प्रमाणात असते म्हणून दरवेळी ती एक चतुर्थांश झाली पाहिजे. मी २५ मिमीची साइन वेव्ह शून्यापासून पूर्ण फेऱ्या घेऊन दिली, चूक छान एक चतुर्थांश होत गेली, मी पास म्हणून पुढे गेले. आठवड्याने त्या चाळीसगावच्या मुलाने साइनच्या जागी कोसाइन टाकून बघितलं आणि टेस्ट फेल. सगळ्यात मोठी चूक चौथाई होण्याऐवजी निम्मीच होत होती. कारण टोकं. पहिल्या नमुन्याला मागचा शेजारी नाही, शेवटच्याला पुढचा नाही, तिथे मी साधा एका बाजूचा फरक टाकला होता, नम्पायचा ग्रेडियंट पण काही सांगितलं नाही तर टोकाला तेच करतो. त्या फरकाची चूक दुसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या प्रमाणात असते, आणि शून्यापासून सुरू होऊन पूर्ण फेऱ्यांनी संपणाऱ्या साइनचं दुसरं डेरिव्हेटिव्ह दोन्ही टोकांना शून्यच असतं! माझ्या टेस्टने नेमकी तीच जागा झाकून ठेवली होती. कोसाइनला टोकाची चूक १ मिलिसेकंदाच्या पावलाला १.९७ मिमी प्रति सेकंद होती, मधल्या भागातली जास्तीत जास्त चूक ०.००८. टोकाला तीन नमुन्यांचं सूत्र लावलं (उणे तीनदा पहिला, अधिक चारदा दुसरा, उणे तिसरा, भागिले दोन पावलं) आणि मग सगळीकडे चौथाई यायला लागली. तेव्हापासून टेस्टची लहर मी कधीच सोयीच्या जागेपासून सुरू करत नाही, मधेच कुठेतरी, ०.७ रेडियनपासून वगैरे.

पण खरा डेटा साइन वेव्हसारखा स्वच्छ नसतो, आणि इथून पुढे पाऊल बारीक करून काही मिळत नाही, उलट बिघडतं. एलव्हीडीटीचं कार्ड १६ बिटचं, १०० मिमीची रेंज, म्हणजे एक पायरी दीड मायक्रॉनची. ते ठीक आहे. पण केबलचा, मोटरच्या ड्राइव्हचा वगैरे मिळून नॉइज (आकड्यांतली खोटी थरथर) साधारण ५ मायक्रॉन होता. मधल्या फरकात हा नॉइज दोनच्या वर्गमुळाने भागून पावलाने भागला जातो, १००० नमुन्यांना ३.५ मिमी प्रति सेकंद. ३१४ समोर चालून जातं. पण आम्हाला प्रवेग पण पाहिजे होता, कारण या मशीनवर लोड सेल खालच्या हलणाऱ्या बाजूला आहे, त्याच्यावर दोनेक किलोचा फिक्स्चर (शॉकर पकडून ठेवणारा भाग) स्वार असतो, त्याला हलवायला लागणारा जोर (वस्तुमान गुणिले प्रवेग, साधारण ८ न्यूटन) वजा करावा लागतो. दुसरा फरक, म्हणजे मागचा उणे दोनदा आत्ताचा अधिक पुढचा भागिले पावलाचा वर्ग, त्यात तोच ५ मायक्रॉनचा नॉइज १२ मीटर प्रति सेकंद वर्ग होतो. खरा प्रवेग ३.९. खऱ्या आकड्याच्या तिप्पट नॉइज. जोरातून ८ न्यूटन काढायला जायचं आणि २४ न्यूटनचा कचरा टाकून यायचं.

यावर सॅविट्स्की आणि गोले यांची १९६४ ची पद्धत आहे, ॲनालिटिकल केमिस्ट्री या नियतकालिकात आलेली, रसायनाच्या स्पेक्ट्रमसाठी. आजूबाजूचे काही नमुने घ्यायचे, त्यांच्यातून लीस्ट स्क्वेअरने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील असा) एक पॅराबोला बसवायचा, आणि मधल्या बिंदूला त्या पॅराबोलाचा उतार घ्यायचा. पाऊल समान असेल तर दर वेळी पॅराबोला बसवायला नको, वजनं एकदाच काढली की नुसता गुणाकार-बेरीज. समान पावलाचा हाच खरा फायदा, आणि म्हणूनच क्लास त्या समानतेची एवढी राखण करतो. त्या मूळ लेखातल्या वजनांच्या तक्त्यांत काही आकडे चुकलेले होते, १९७२ मध्ये दुसऱ्यांनी ते दुरुस्त करून छापले, म्हणून कुठल्या तक्त्यातून आकडे उतरवायचे नाहीत असं मी ठरवलं, क्लास वजनं स्वतः सोडवून काढतो.

२१ नमुन्यांची खिडकी घेतली तर वेगातला नॉइज ३.५ वरून ०.१८ वर येतो, वीसेक पट कमी, आणि बदल्यात शिखराचा वेग ०.१७ टक्क्याने कमी दिसतो, म्हणजे ३१४ मध्ये अर्धा मिमी. फार चांगला सौदा. मग एकाला वाटलं की २१ ला एवढं छान तर १०१ ला अजून छान होईल, आणि ग्राफ दिसायला खरंच सुंदर झाला, काचेसारखा, पण शिखर ४ टक्क्यांनी खाली बसलं, ३१४ च्या जागी ३०१. गुळगुळीत ग्राफ बघून मन खूश होतं, म्हणून या चुकीपासून जास्त जपायला लागतं. प्रवेगासाठी ४१ नमुन्यांची खिडकी ठेवली, तिथे नॉइज १२ वरून ०.०१२ च्या आसपास आला आणि शिखर साधारण अर्ध्या टक्क्याने दबलं. २४ न्यूटनचा कचरा अक्षरशः नाहीसा झाला.

आणि इथे तीच मूळची चूक परत दारात येऊन उभी राहिली होती. २१ नमुने म्हणजे नव्या मशीनवर २० मिलिसेकंद, जुन्यावर ४०. तीच सेटिंग दोन्ही मशीनला लावली तर दोन वेगवेगळ्या गाळण्या लागतात आणि परत दोन वेगवेगळे ग्राफ. म्हणून खिडकी नमुन्यांत सांगायचीच नाही, सेकंदात सांगायची, ०.०२ सेकंद, आणि समोर जो समनमुना येईल त्याच्या पावलाला विचारून क्लास स्वतः ठरवतो की त्यात किती विषम नमुने बसतात, इथे २१, तिथे ११. जुन्या मशीनवर ११ म्हणजे नॉइज थोडा जास्त राहतो, ते मान्य करावं लागतं, कमी नमुन्यांतून जास्त माहिती निघत नाही. टोकांना मात्र अर्धी खिडकी रिकामी राहते, तिथे मी काही हुशारी केली नाही, मशीन पाच फेऱ्या चालवायचं आणि मधल्या तीनच वापरायच्या असं ठरवलं. काकांना ते लगेच पटलं, ते म्हणाले पहिल्या फेरीत तेल बसलेलं नसतंच.

दोन्ही मशीनचे ग्राफ एकमेकांवर ठेवले तेव्हा रेघा जुळल्या. पोट पूर्ण गेलं नाही, ते जायला पण नको होतं, पण दोन्ही मशीनवर सारखं झालं. बाजूला काढलेला माल परत लावला, त्यातला बहुतेक पास झाला. आता रिपोर्टच्या पहिल्या ओळीला पाऊल, नमुन्यांचा वेग आणि मोजलेलं वेगाचं शिखर छापलं जातं, आणि त्याच्या शेजारी क्रँकच्या हिशोबाने किती यायला पाहिजे ते.

दोनेक महिन्यांनी काकांचा परत फोन, जरा चिडलेले होते, "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर फाइल घेतच नाही, वेळ जुळत नाही म्हणतंय, आणि इकडे डिस्पॅच थांबलंय." मी फाइल मागवली. २.२१७ सेकंदानंतर थेट २.२२१, मधले तीन नमुने गायब, नेमके वेग पूर्ण असताना. जुना मॅक्रो असता तर त्याने वेळेचा कॉलम बघितलाच नसता, सव्वा मिलिमीटरची उडी एका मिलिसेकंदात झाली असं धरलं असतं आणि ग्राफवर १२५६ चा काटा उभा राहिला असता, परत शॉकर उघडले गेले असते. काकांना सांगितलं की डेटा कार्डाची केबल बघा. अर्ध्या तासाने त्यांनी फोटो पाठवला, ट्रॉलीच्या चाकाखाली येऊन येऊन केबलचं वरचं कव्हर फाटलं होतं.